उसना ताजमहाल

चंद्रपुरात पाहुणा आला की त्याला अंचलेश्वर दरवाजाकडे नेतात. अंचलेश्वराच्या देवळाशेजारच्या आवारातल्या गोंड राजांच्या समाध्या दाखवतात आणि त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या समाधीपुढे उभे करून ठरलेले वाक्य ऐकवतात: शहाजहानने बायकोसाठी ताजमहाल बांधला, आमच्या राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधला. पाहुणा मान डोलावतो, फोटो काढतो आणि ताडोब्याची जिप्सी किती वाजता सुटते ते विचारतो.

ते वाक्य ऐकताना मला दर वेळी चुकचुकल्यासारखे होते. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. नवऱ्याची, म्हणजे बीरशहाची समाधी हिराईने बांधवली, हे परंपरा एकमुखाने सांगते. पण एका उसन्या उपमेत या बाईचे सगळे आयुष्य बसवले, की तिने काय केले हा प्रश्नच संपतो. उरते ते एवढेच, की तिचे नवऱ्यावर प्रेम होते. पंधरा वर्षे एक राज्य हाकणारी बाई शोकमूर्ती होऊन बसते.

माझे म्हणणे असे. हिराईने ही समाधी बांधणे हे राज्यकारभाराचे कृत्य होते, आणि ते समजायचे तर राजाच्या बायकोची सत्ता नेमकी कशात असते ते आधी पाहावे लागते. ती रूपात नसते, भक्तीत नसते, बहुधा तलवारीतही नसते. राजा निपुत्रिक मेला तर पुढचा राजा कोण, हे ठरवण्याच्या हक्कात ती असते. चांद्याचा, म्हणजे जुन्या चंद्रपूरचा, १७०४ ते १८५८ हा दीडशे वर्षांचा इतिहास या एका हक्काभोवती फिरतो. ताजमहालाच्या उपमेने नेमका तोच झाकला जातो.

१. यादीतली न लिहिलेली ओळ

चांद्याच्या गोंड राजांची जी वंशावळ आपण वापरतो, तिचा मोठा भाग मेजर ल्यूसी-स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालातून आला आहे. त्यांनी स्थानिक लोकांकडून ऐकले, लिहून घेतले, आणि पुढच्या गॅझेटियरांनी तेच गिरवले. भीम बल्लाळसिंगापासून नीलकंठशहापर्यंत नावे ओळीने येतात. बीरशहा, मग रामशहा. मध्ये कोणी नाही.

मध्ये हिराई आहे. तिचा कारभाराचा काळ आज सर्वसाधारणपणे १७०४ ते १७१९ असा धरला जातो. म्हणजे औरंगजेबाच्या शेवटच्या तीन वर्षांपासून पुढे, मोगल तख्त डळमळत असताना, मराठे उत्तरेकडे हातपाय पसरत असताना, वर्धा आणि वैनगंगेच्या मधले हे जंगलराज्य एका विधवेच्या हाती होते. तरीही यादी करणाऱ्याला तिथे ओळ लिहावीशी वाटली नाही, कारण यादी राजांची होती.

कोणी म्हणेल, ती राजा नव्हतीच, कारभारीण होती. मान्य. पण याच यादीतले आधीचे राजे तरी कितपत पक्के आहेत? अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त चांद्याच्या बाबजी नावाच्या गोंड जमीनदाराचा उल्लेख आहे. एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ त्याच्या हाती असल्याचे तो लिहितो, आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचीही नोंद करतो. हा बाबजी सोळाव्या शतकाच्या अखेरचा. जुन्या वंशावळीतला बाबजी बल्लाळशहा मात्र त्याच्या कितीतरी आधी राज्य करून गेलेला दाखवला आहे. कित्येक दशकांचा घोळ आपण खपवून घेतो आणि पंधरा वर्षांच्या बाईला मात्र जागा नाही. ही नुसती हिशेबाची चूक नव्हे. राजाची बायको हे पद इतिहासात धरायचे की घरगुती गोष्टींत, याचा तो आधीच लागलेला निकाल आहे.

गंमत म्हणजे खुद्द शहराच्या जन्मकथेत असा निकाल नाही. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीत तहानलेला तो झरपट नदीच्या डबक्यात पाणी प्याला, हातपाय धुतले. रात्री त्याला गाढ झोप लागली. सकाळी गाठी बसल्याचे पाहिले ते राणीने. ती जागा शोधायला लावली तिने. पुढे पांढऱ्या ठिपक्याच्या सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला, तेव्हा त्या पळापळीच्या वाटेवरून कोट बांधा हा सल्लाही तिचाच. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे आणि मधल्या खिडक्या असलेला परकोट ज्या रेघेवर उभा आहे, ती रेघ लोककथेने राणीच्या हातून ओढवून घेतली. कथा आहे, पुरावा नव्हे. पण राजधानी कुठे वसवायची हे राणी सांगते, यात त्या कथाकारांना काहीच वावगे वाटले नव्हते. वावगे वाटले ते नंतर, कागद आल्यावर.

२. लग्नाच्या दिवशी पडलेला राजा

आता त्या प्रेमकथेकडे वळू. बीरशहा मेला कसा? परंपरेतली हकीकत अशी: राजाच्या पदरी हिरामण नावाचा एक रजपूत होता. त्याच्या तलवारीत काही दैवी गुण आहे अशी बोलवा होती. राजाला ती पाहायची होती, हिरामण टाळत होता. शेवटी एके दिवशी ती म्यानाबाहेर आली आणि राजाच पडला. हा दिवस कोणता? बीरशहाच्या दुसऱ्या लग्नाचा.

ताजमहालाची उपमा देणारे लोक हा तपशील सांगत नाहीत, किंवा सांगून पुढे सरकतात. ज्या नवऱ्यासाठी हे स्मारक उभे राहिले, तो सवत आणायला निघाला असताना मारला गेला. हिराईला त्याचे दुःख झाले नसेल असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि झाले असेल असे छातीठोकपणे सांगण्याचा पाहुण्यांना फिरवणाऱ्यांनाही नाही. तिच्या मनात काय होते हे कोणाला कळणार? तिच्यापुढची परिस्थिती मात्र मांडता येते, आणि ती अशी होती:

राजा अकाली गेला. गादीवर बसायला मुलगा नाही. दुसरे लग्न कदाचित त्याच मुलासाठी घाटत होते, पण ते पुरे झाले नाही; म्हणजे सवतीच्या पोटी उद्या वारस निघण्याचीही शक्यता नाही. मुलगी होती, ती देवगडच्या गोंड राजघराण्यातल्या दुर्गपालाला दिलेली. तिचा सासरी अपमान झाला म्हणून बीरशहाने देवगडवर चाल केली, महाकालीला जावयाचे शिर वाहण्याचा नवस बोलला आणि तो फेडला. त्यामुळे उत्तरेकडचे सोयरे आता वैरी होते. राजकुळाच्या शाखा जिल्हाभर पसरलेल्या, आणि गादी रिकामी दिसली की भाऊबंदांना आपला हक्क आठवतो. त्याला गोंड-मराठे-मोगल कोणीच अपवाद नाहीत. वर मोगलांची खंडणी. १६६७ मध्ये दिलेरखान चांद्यावर आला तेव्हा राजाला जबर रक्कम कबूल करावी लागली होती; ती आठवण अजून ताजी होती.

अशा वेळी राणीपुढे मार्ग दोनच. बाजूला व्हायचे आणि जो जिंकेल त्याच्या दयेवर राहायचे, किंवा वारस स्वतः निवडायचा. हिराईने चंदनखेड्याच्या शाखेतला रामशहा दत्तक घेतला.

३. बाप बांधून काढावा लागतो

इथेच मला त्या समाधीचा अर्थ लागतो.

दत्तक घेताना सगळ्यांत अवघड गोष्ट मुलगा मिळवणे ही नसते. मुले असतातच. अवघड असते ते त्या मुलाला बाप मिळवून देणे. रामशहा कोणाचा? जन्माने चंदनखेड्याचा. गादीवर बसायचे तर तो बीरशहाचा व्हायला हवा; आणि बीरशहा तर मेलेला, ‘हा माझा’ असे तो स्वतः सांगू शकत नाही. ते त्याच्या बायकोने सांगायचे आणि सगळ्यांनी मानायचे. मानायला लावण्यासाठी मेलेल्या राजाचे अस्तित्व डोळ्यांपुढे ठेवावे लागते. त्याचे नाव विसरले गेले तर दत्तकाचे नातेही विसरले जाते, आणि मग चंदनखेड्याचा हा पोरगा कोण, असा प्रश्न उरतो.

म्हणून समाध्यांच्या आवारात बीरशहाची समाधी सगळ्यांत मोठी. तो सगळ्यांत पराक्रमी राजा होता म्हणून नव्हे. परकोट पुरा करणारे, राज्य वाढवणारे, जमीन लागवडीला आणणारे राजे त्याच्या आधी होऊन गेले. हीरशहाच्या नावावर तर असा कौल सांगतात की जो जंगल तोडून शेत करील त्याचे ते शेत, आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन. त्या देणग्यांना तुकूम म्हणत, आणि आज चंद्रपुरातल्या वस्तीचे तुकूम हे नाव त्या शब्दाचा माग ठेवून आहे. एवढे करून हीरशहाला अशी समाधी नाही. बीरशहाला आहे, कारण त्याच्यामागे औरस मुलगा नव्हता. ज्याला मुलगा असतो त्याचा मुलगाच त्याचे स्मारक असतो. ज्याला नसतो त्याला दगड लागतो.

महाकालीच्या देवळाचे तसेच. देवळाचा जीर्णोद्धार हिराईच्या नावावर आहे, एकवीरेचे देऊळही तिचेच सांगतात. महाकाली ही बीरशहाच्या नवसाची देवी. देवगडच्या विजयाची साक्षी. ते देऊळ उभे करणे म्हणजे नवऱ्याच्या शेवटच्या मोठ्या विजयावर राज्याची मोहोर उठवणे. आज चैत्रात नांदेड-परभणीकडचे लोक झरपटीच्या काठी पाले ठोकतात, त्यांना बीरशहा-दुर्गपालाशी काही देणेघेणे नाही. पण चांद्याचे नाव राज्य बुडाल्यावरही मराठवाड्यातल्या घराघरांत नांदत राहिले ते या देवळामुळे. राजाच्या किल्ल्याला हे साधले नाही.

तुलना हवीच असेल तर ताजमहाल सोडून द्या. जवळची तुलना दिल्लीत आहे. हुमायूनची कबर उभारण्यात त्याची विधवा बेगा बेगम हिचा पुढाकार होता. तिच्या पोटचा वारस गादीवर नव्हता, अकबर सवतीचा मुलगा. पाटणची राणीची वाव उदयमतीने भीमदेवाच्या पश्चात बांधली. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवीचे. राण्यांच्या बांधकामांची ही स्वतंत्र परंपरा आहे, आणि तिच्यात राजाचे नाव पुढे असले तरी हात राणीचा असतो. शहाजहान हा या रांगेतला उलटा अपवाद. त्याला मुमताजच्या कबरीतून काही सिद्ध करायचे नव्हते. गादी त्याचीच होती, मुलगे चार होते.

४. राजाची बायको हे पद

‘राणी’ या शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो: स्वतः राज्य करणारी बाई, आणि राज्य करणाऱ्याची बायको. मलय भाषेत राजाच्या पट्टराणीला ‘परमैसुरी’ म्हणतात. आपल्याच ‘परमेश्वरी’ची ती समुद्रापार गेलेली बहीण. मलेशियात (आधी मलायात) १९५७ पासून नऊ घराण्यांचे राज्यकर्ते पाच-पाच वर्षांच्या पाळीने देशाचे राजे होतात आणि त्यांच्या बायका त्या काळापुरत्या देशाच्या परमैसुरी. पद मानाचे, सत्तेचे नव्हे. पण त्याच मलय जगात पट्टणीच्या गादीवर १५८४ पासून ओळीने राण्या बसल्या, त्यांची नावेच रंगांची: हिरवी, निळी, जांभळी, पिवळी. मलय ही दरबारी भाषा असलेल्या आचेमध्ये १६४१ मध्ये सुलतान मेल्यावर त्याची विधवा सफियतुद्दीन स्वतः सुलताना झाली आणि १६७५ पर्यंत राहिली. तिच्या नावाची सोन्याची नाणी निघाली. तिच्यामागून आणखी तिघी. १६९९ मध्ये मक्केहून बाईच्या राज्याविरुद्ध मत आले आणि तो क्रम संपला. त्यानंतर पाचच वर्षांनी इकडे चांद्यात हिराई कारभार हाती घेते.

हा योगायोग आहे, आणि मी तो योगायोग म्हणूनच सांगतो. पण त्यातला फरक कामाचा आहे. आचेची विधवा स्वतःच्या नावाने राज्य करते. ती आधीच्या एका सुलतानाची मुलगी असल्याने रक्ताचा हक्क तिच्यातच होता. हिराईला तसा हक्क नव्हता. तिची सत्ता नात्यातून आलेली होती: एका मेलेल्या माणसाची बायको आणि एका जिवंत मुलाची आई. या दोन टोकांमध्ये ती उभी.

विदर्भाला असे उदाहरण नवे नाही. वाकाटकांची प्रभावतीगुप्ता रुद्रसेनाच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुलांच्या वतीने नंदिवर्धनाहून राज्य करत होती. पण तिच्या पुणे ताम्रपटात वंशावळ येते ती माहेरची, गुप्तांची. सासरच्या राज्यात बसून ती आपल्या बापाचे, दुसऱ्या चंद्रगुप्ताचे नाव पुढे करते. माहेर बलाढ्य असले की विधवेला मेलेल्या नवऱ्याचा आधार लागत नाही. हिराईने मात्र नवराच उभा केला. दोघींच्या कामाची साधने पाहिली की कोणाच्या हाती काय होते ते दिसते: एकीला तांब्याचा पत्रा पुरला, दुसरीला घुमट घालावा लागला.

आणखी जवळ यायचे तर हिराईच्या काळातलीच ताराबाई. १७०० मध्ये राजाराम गेल्यावर तिने आपल्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला, औरंगजेबाला जेरीस आणले. आणि १७१४ मध्ये पन्हाळ्यावर तिला व तिच्या मुलाला कैदेत टाकून राजसबाईचा मुलगा गादीवर बसवला गेला. सवत आणि सवतीचा मुलगा: बीरशहाचे दुसरे लग्न पुरे झाले असते तर चांद्यातही हेच वाढून ठेवलेले होते. हिरामणच्या तलवारीने हिराईला विधवा केले आणि त्याच क्षणी तिला एकटी अधिकारी केले. वाचायला क्रूर आहे, पण राजकारणाचे गणित असेच असते.

५. आक्षेप

ताजमहाल म्हटल्याने निदान लोक समाधी पाहायला तरी येतात, बिघडले काय, असे एक म्हणणे. बिघडते ते असे की पाहणारा मग ताजमहालच शोधतो. संगमरवर नाही, कारंजी नाहीत. काळपट दगड पाहून त्याची निराशा होते. उसन्या मोठेपणाची ही किंमत असते. जी वस्तू स्वतःच्या मापाने मोठी आहे, ती दुसऱ्याच्या मापाने खुजी दिसते.

दुसरे म्हणणे जास्त अवघड. पुरावा तुटपुंजा, मग प्रेमाची कथा जशी कल्पना, तशी राजकारणाची कथाही कल्पनाच नव्हे का? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. दोन्ही अनुमानेच. पण अनुमानांत तरतम असते. प्रेमाच्या अनुमानाने फक्त समाधी समजते. दत्तकाच्या अनुमानाने समाधी, महाकाली, रामशहाची निवड आणि त्या निवडीचे टिकणे, या चारही गोष्टी एका धाग्यात येतात. निवड टिकली हे तर उघड आहे: रामशहा १७३५ पर्यंत गादीवर होता. त्याचे नाव शहराच्या रामाळा तलावात राहिले. परंपरा तर सांगते की चांदा घ्यायला आलेला नागपूरकर रघुजी भोसले रामशहाला पाहून नमला आणि परत गेला. ती भक्तिकथा बाजूला ठेवली तरी रामशहाच्या हयातीत भोसल्यांनी चांदा घेतला नाही, हे खरेच. शिवाय दोन्ही अनुमाने एकमेकांना मारत नाहीत. नवऱ्यावर माया असलेल्या बाईने राज्यही नीट सांभाळले, यात न पटण्यासारखे काय आहे? न पटण्याची सवय आपली आहे.

तिसरे म्हणणे आजकाल फार ऐकू येते: गोंड समाजात बाईचे स्थान मुळातच वरचे, म्हणून हिराई शक्य झाली. ऐकायला बरे वाटते. विधवेच्या पुनर्विवाहाला गोंडांत मज्जाव नाही, मुलाकडून मुलीकडच्यांना देज (वधूमूल्य) द्यावे लागते, शेतात-रानात बाईचा हात बरोबरीचा; हे सगळे खरे. पण राजघराणे हा समाजाचा आरसा नसतो. नावापुढे शहा लावणारी, रजपुती थाटाची, देवळे बांधणारी ही घराणी सामान्य गोंडांपासून केव्हाच निराळी झाली होती. आणि हिराईची सत्ता पुनर्विवाहाच्या मोकळिकीतून आलेली नाही. ती न वापरण्यातून आली. ती बीरशहाची विधवा राहिली म्हणून रामशहाची आई होऊ शकली. दुसऱ्या घरात गेली असती तर गादी ठरवण्याचा तिचा हक्क त्याच दिवशी संपला असता. गढ्याच्या दुर्गावतीचेही तेच: चंदेलांची मुलगी, दलपतशहाची विधवा, वीरनारायणाची आई. १५६४ मध्ये ती लढता लढता मेली म्हणून तिला पाठ्यपुस्तकात जागा मिळाली. हिराई लढून मेली नाही, राज्य सांभाळून गेली. आपल्या पाठ्यपुस्तकांना मरण लागते.

६. हक्क गेला तेव्हा

रामशहानंतर नीलकंठशहा आला. त्याच्या कारभाराबद्दल परंपरेत एकही बरा शब्द नाही. १७४९ मध्ये रघुजी भोसल्याने चांद्यात पाय रोवला, १७५१ मध्ये नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदी झाला आणि गोंड राज्य संपले. चांदा नागपूरचा झाला. एवढ्यावर हिराईची गोष्ट संपायला हवी, पण तिचा हक्क अजून जिवंत होता, फक्त आता तो नागपूरच्या वाड्यात होता.

नागपूरला १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसले पदच्युत झाल्यावर काय झाले? त्याच्या आधीचा राजा परसोजी याची विधवा दुर्गाबाई हिच्या मांडीवर मुलगा दत्तक दिला गेला, तो तिसरा रघुजी, आणि कारभार दुसऱ्या रघुजीची विधवा बाकाबाई हिच्याकडे. चांद्याचाच खेळ मोठ्या पटावर. इंग्रज रेसिडेंट बाजूला बसलेला होता, तरी विधवेच्या दत्तकाशिवाय त्यालाही राजा मिळत नव्हता. मग ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघुजी निपुत्रिक वारला. वाड्यातल्या बायकांना दत्तक घ्यायचा होता. डलहौसीने तो मानला नाही, आणि १८५४ मध्ये नागपूरबरोबर चांदाही कंपनीच्या राज्यात गेला.

डलहौसीचे धोरण आपण संस्थाने गिळण्याची युक्ती म्हणून शिकतो. ते तसे होतेच. पण ते नेमके कोणाच्या हातातून काय काढून घेत होते, हे क्वचित सांगितले जाते. राजा तर मेलेलाच असे. हक्क जात होता तो त्याच्या विधवेचा. सातारा, झाशी, नागपूर: दर ठिकाणी वाड्यातल्या बायकांनी अर्ज केले, आणि दर वेळी उत्तर असे आले की तुम्ही ठरवायचे नाही. हिराईने दीडशे वर्षांपूर्वी ज्या निर्णयावर एक राज्य तारले, तो निर्णय आता कलकत्त्याच्या मर्जीवर गेला. राजाची बायको या पदातून सत्ता निघून गेली आणि मान उरला. मलेशियाच्या आजच्या परमैसुरीसारखाच, पण तिथे तो राज्यघटनेने ठरवून दिला, इथे एका खलित्याने.

(जाता जाता एक गोष्ट. गावाच्या सरपंचपदी बाई निवडून येते आणि कारभार ‘सरपंचपती’ पाहतो, या प्रकारावर आपण विनोद करतो. तिथे पद बायकोचे, हात नवऱ्याचा. हिराईच्या बाबतीत नाव नवऱ्याचे, हात बायकोचा. तिच्यावर विनोद कोणी केला नाही. तिचा फक्त ताजमहाल केला.)

७. अहेरीची लक्ष्मीबाई

शेवटचा आक्षेप माझा मलाच आहे. राण्यांना शोकमूर्तीच्या चौकटीतून काढून राज्यकर्त्या म्हणायचे, तर त्यांच्या राज्यकारभाराचा हिशेबही घ्यावा लागेल. मग त्यात न आवडणाऱ्या ओळीही येतील. चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत ती ओळ अहेरीची आहे.

चांदा कंपनीकडे जाऊन चार वर्षे झाली होती. मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके आणि अडपल्लीचा व्यंकटराव यांनी १८५८ च्या मार्चपासून इंग्रजांविरुद्ध उठाव केला. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याचे दोन इंग्रज मारले गेले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईवर दबाव आणला. १८ सप्टेंबरला तिच्या माणसांनी बाबूरावाला धरले आणि चांद्याला पाठवले. बक्षीस म्हणून अडपल्ली आणि घोट या जमीनदाऱ्यांतली ६७ गावे तिला मिळाली.

लोकस्मृतीत ती फितूर आहे. हिराई पतिव्रता, लक्ष्मीबाई फितूर: बाईच्या सत्तेसाठी आपल्याकडे हे दोनच साचे. दोन्ही साच्यांत एकच गोष्ट गाळली जाते, ती म्हणजे त्या वेळी त्या बाईच्या हातात नेमके काय होते.

लक्ष्मीबाईचा बचाव मला करायचा नाही. ६७ गावे ही लहान गोष्ट नव्हे, आणि बाबूरावाचा जीवही नव्हे. पण हिराईपुढे १७०४ मध्ये निवड होती: कोणाला गादीवर बसवायचे. भाऊबंद होते, वैरी होते, खंडणी मागणारे होते, तरी वारस तीच निवडणार होती. लक्ष्मीबाईपुढे १८५८ मध्ये ती निवड नव्हती. आपली जमीनदारी राहील की जाईल हे ठरवणारा माणूस दुसराच होता आणि तो तिच्या दारात उभा होता. नागपूरच्या वाड्याचे काय झाले ते तिने चार वर्षांपूर्वीच पाहिले होते. ज्यांच्याकडे देण्यासारखे काहीच उरत नाही, त्यांच्याकडे शेवटी माणसे मागितली जातात. ती तिने दिली. तिने नकार दिला असता तर आज तिचेही पुतळे असते, आणि अहेरी कदाचित व्यंकटरावाच्या अडपल्लीसारखी जप्त झाली असती. हे समजून घेतल्याने तिचा दोष धुतला जात नाही, फक्त तो कोणकोणात वाटला जायला हवा ते दिसते.

बाबूरावाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला फाशी दिले. तो तुरुंग म्हणजे गोंड राजांचा जुना बालेकिल्ला. आज तिथे जिल्हा कारागृह आहे, आणि त्याच गावात, अंचलेश्वर दरवाजाजवळ, पाहुण्यांना ताजमहाल दाखवला जातो.